थांबणे जाणणारी होडी: उजनीच्या पाणफुगवट्यावरील उन्हाळी पक्षीछायाचित्रण-सेवेचे परीक्षण

भिगवणजवळच्या कुंभारगाव परिसरातील एक मासेमार नावाडी गेल्या काही वर्षांपासून भर उन्हाळ्यातही छायाचित्रकारांना उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्यावर, नेतो. यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सलग तीन दिवस पहाटे त्याच्या होडीतून गेले. माझा हेतू एकच होता. शेकाट्या, नदी सुरय आणि छोटा कंठेरी चिखल्या या पाणकाठच्या पक्ष्यांचे प्रणयाराधन मला छायाचित्रांत टिपायचे होते, आणि तेही त्यांच्या विणीला धक्का न लावता. तीनपैकी दोन सकाळी मला जे मिळाले ते आठ वर्षांच्या माझ्या छंदात पूर्वी कधी मिळाले नव्हते. एक सकाळ वाया गेली, आणि ती का गेली हेही मी पुढे लिहिले आहे. नावाडी हा खाजगी गृहस्थ असल्याने त्याचे नाव येथे देत नाही. परंतु उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी होडी काढणारे मोजकेच असतात, आणि त्यांपैकी चांगला कोणता हे ओळखण्याच्या खुणा या लेखात सापडतील.

भिगवण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिवाळा येतो. पुण्याहून सोलापूर महामार्गाने सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या या पाणथळीवर रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब पाहण्यासाठी तेव्हा होड्यांची रांग लागते. मात्र प्रणयाराधन टिपायचे असेल, तर पाणकाठच्या पक्ष्यांच्या बाबतीत हिवाळ्याचा उपयोग फार थोडा आहे. तुतारी, पाणटिवळे आणि रफ हे पक्षी आपल्याकडे येतात ते पोट भरण्यासाठी आणि विसाव्यासाठी. त्यांची वीण होते ती दूर उत्तरेत. रफ पक्ष्याचा नर गळ्याभोवती पिसांची मोठी झालर फुलवून ठरावीक मैदानावर इतर नरांशी स्पर्धा करतो, परंतु ते दृश्य युरोपच्या उत्तरेकडील आणि सायबेरियातील ओलसर कुरणांवर घडते. उजनीवर तोच पक्षी राखाडी-तपकिरी वेशात मुकाट्याने गाळ टोकरताना दिसतो. प्रणय पाहायचा तो येथेच राहणाऱ्या पक्ष्यांचा, आणि त्यांचा हंगाम सुरू होतो तो हिवाळी पाहुणे परतीच्या वाटेला लागल्यावर.

याला धरणाचे गणितही कारण आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे उपयुक्त न धरल्या जाणाऱ्या तळच्या साठ्यात, मोडते. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला की गावकरी ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात. त्या दिवसांत पाणी मागे सरते, एरवी बुडालेले पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर वर येते, काठच्या गाळपेर जमिनीवर पिके उभी राहतात, आणि पाण्याच्या मध्यभागी वाळूची, मुरमाची व भेगाळलेल्या गाळाची लहान-मोठी बेटे उघडी पडतात. नदी सुरय, छोटा आर्ली, शेकाट्या आणि चिखल्या यांना जमिनीवर अंडी घालण्यासाठी नेमकी अशीच उघडी जागा लागते, जिथून चारी दिशांना शत्रू दिसतो आणि कुत्र्याला वा कोल्ह्याला पोहत यावे लागते. ही बेटे दोन-तीन महिन्यांचीच सोबती असतात. पाणी आणखी आटले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री चालत येतात. पाणी अचानक वाढले की बेटच बुडते. २०२५ च्या मे अखेरीस इंदापूर, दौंड आणि बारामती भागात मुसळधार पाऊस झाला आणि उजनीची पातळी मे महिन्यातच वाढू लागली. अशा वर्षी सखल बेटांवरची घरटी सर्वांत आधी जातात. उन्हाळ्यात येथे होडी हाकणाऱ्या माणसाला हे सगळे ठाऊक असावे लागते, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला ज्या क्षणाचे चित्र हवे आहे, त्याच क्षणावर त्या पक्ष्यांची वर्षाची वीण अवलंबून असते.

दूरध्वनीवर तारीख ठरवताना नावाड्याने मला दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘ताई, तुम्हाला कंच्या पक्ष्याचं काय पायजे?’ आणि दुसरा, ‘लेन्स केवढी हाय?’ माझ्याकडे ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स आहे असे सांगितल्यावरच त्याने होकार दिला. लहान लेन्स घेऊन येणाऱ्यांना तो उन्हाळ्यात बेटांकडे नेत नाही, कारण तसे लोक अर्ध्या तासाने ‘थोडे जवळ घ्या’ असा आग्रह धरू लागतात. हे ऐकताच मला या सेवेविषयी विश्वास वाटू लागला. एका होडीत दोनच छायाचित्रकार, पहाटे साडेपाचला निघायचे, नऊच्या आत काठाला परतायचे, बेटावर पाय ठेवायचा नाही, आणि होडीत उभे राहायचे नाही, अशा त्याच्या अटी होत्या. एका सकाळीचे संपूर्ण होडीचे अडीच हजार रुपये त्याने घेतले. हिवाळ्यात माणशी पैसे घेऊन आठ-दहा जणांना एकत्र नेणाऱ्या होडीच्या तुलनेत ही रक्कम अधिक वाटेल. पण दोनच माणसे आणि साडेतीन तास धरता मला ती योग्य वाटली.

होडीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण छायाचित्राची निम्मी गुणवत्ता तिथेच ठरते. ही जुनी लाकडी मासेमारीची होडी आहे. बूड सपाट असून कडा पाण्यापासून जेमतेम हातभर उंच आहे. पुढच्या भागातील आडवी फळी त्याने काढून टाकली आहे, त्यामुळे तळावर सतरंजी अंथरून बसता किंवा पालथे झोपता येते आणि लेन्स जवळजवळ पाण्याच्या पातळीवर आणता येते. शेकाट्यासारखा उंच पायांचा पक्षी वरून टिपला की त्याचे पाय आखूड दिसतात आणि मागे चिखलाचा सपाट पडदा येतो. तोच पक्षी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपला की मागचे पाणी दूर विरघळून जाते आणि दोन पक्ष्यांमधील लकब स्पष्ट उमटते. तिपाई आणण्याचे कारण नाही. होडीचे डोलणे तिपाई थांबवत नाही, ती फक्त ते लेन्सपर्यंत पोहोचवते. कडेवर तांदूळ भरलेली पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवणे हाच येथे चालणारा उपाय आहे, आणि अशा दोन पिशव्या नावाडी स्वतःच्या घरून आणतो.

पहिल्या दिवशी आम्ही सूर्योदयापूर्वी निघालो. बेटांपासून बऱ्याच अंतरावर नावाड्याने इंजिन बंद केले आणि पुढचा सर्व प्रवास लांब बांबूने होडी रेटत केला. तो सरळ बेटाकडे गेला नाही. वळसा घेत, मधे मधे पूर्ण थांबत, त्याने होडी बेटाच्या पूर्वेला आणली, म्हणजे उगवता सूर्य आमच्या पाठीशी राहील. थांबण्याची त्याची खूण अगदी साधी होती: बसलेल्या सुरयांपैकी एकाने जरी मान ताठ करून आमच्याकडे पाहिले, की बांबू पाण्यात रोवून तो होडी धरून ठेवायचा आणि त्या पक्ष्याने पुन्हा मान सैल सोडेपर्यंत हालचाल करायचा नाही. बेटाच्या कडेपासून सुमारे पंचवीस मीटरवर आम्ही कायमचे थांबलो तेव्हा संपूर्ण थव्यातला एकही पक्षी उठला नव्हता. मी याआधी इतरत्र केलेल्या होडीफेऱ्यांत असे कधीच पाहिले नव्हते.

नदी सुरयाचे प्रणयाराधन हे मुख्यतः माशाच्या देवाणघेवाणीचे असते. काळी टोपी आणि पिवळीधमक चोच असा विणीचा साज ल्यालेला नर लहान मासा चोचीत आडवा धरून येतो, मादीसमोर उतरतो, मान वर ताणतो, पंख किंचित खाली सोडतो आणि तिच्याभोवती मिरवत फिरतो. मादी अंग आखडून, पिलासारखा आवाज करत मासा मागते. कधी तो लगेच देतो, कधी पुन्हा उडून एक फेरी मारून येतो, आणि कधी मासा घेतल्यावर मादी त्याच्याकडे पाठ फिरवते. मासा एका चोचीतून दुसऱ्या चोचीत जाण्याचा क्षण अत्यंत छोटा असतो. मी १/२५०० सेकंद शटर ठेवूनही पहिल्या पंधरा-वीस प्रयत्नांत तो चुकवला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने नदी सुरयाची गणना असुरक्षित प्रजातींत केली आहे, आणि त्याच्या घटत्या संख्येमागे नदीतील बेटांवरचा माणसांचा व कुत्र्यांचा वावर हे एक मोठे कारण आहे. हे ठाऊक असताना त्या बेटासमोर पंचवीस मीटरवर स्थिर बसणे मला केवळ सोयीचे नाही, तर आवश्यक वाटले.

आता शेकाट्यांविषयी. मुख्यतः याच पक्ष्यासाठी मी आले होते, आणि याच बाबतीत नावाड्याचे ज्ञान माझ्या वाचनाहून मोठे ठरले. शेकाट्यांची जोडी उथळ पाण्यात चरत असते. नराची पाठ तकतकीत काळी, मादीची किंचित तपकिरी, दोघांचे पाय गडद गुलाबी. बराच वेळ काहीही घडत नाही. मग मादी अचानक चरणे थांबवते, मान पुढे ताणते आणि पाण्याला समांतर, ताठ, निश्चल उभी राहते. नवख्या छायाचित्रकाराला वाटते की ती भक्ष्यावर नजर ठेवून आहे. प्रत्यक्षात तो होकार असतो. नर तिच्या एका बाजूला येतो, चोच पाण्यात बुडवतो, पाणी उडवतो, छातीची पिसे घाईघाईने साफ केल्यासारखे करतो, मग तिच्या मागून दुसऱ्या बाजूला जातो आणि तेच पुन्हा करतो. या फेऱ्या हळूहळू जलद होत जातात. त्यानंतर तो पाठीवर चढतो, उंच पाय दुमडून आणि पंख फडफडवत तोल सावरतो, आणि काही सेकंदांत सर्व संपते. परंतु चित्राच्या दृष्टीने सर्वांत सुंदर भाग त्यानंतरचा आहे. खाली उतरताना नर एक पंख मादीच्या पाठीवर पसरून ठेवतो, दोघांच्या चोची एकमेकींवर फुलीसारख्या येतात, आणि ती दोघे अंगाला अंग लावून काही पावले एकत्र चालतात. मग अलग होऊन, जणू काहीच झाले नाही अशा रीतीने, पुन्हा चरू लागतात.

माझ्यासारखे बरेच जण पाठीवर चढण्याचा क्षण टिपतात आणि कॅमेरा खाली ठेवतात. नावाड्याने पहिल्या जोडीच्या वेळीच मला हलक्या आवाजात सांगितले, ‘ताई, बटणावरचं बोट काढू नका, आता चोची लावत्याल.’ दुसऱ्या जोडीच्या वेळी तर मादी ताठ उभी राहण्याआधीच त्याने बांबूला किंचित झोका देऊन होडीचे तोंड वळवले, म्हणजे दोन्ही पक्षी आमच्या रेषेला समांतर येतील. नर मादीच्या कोणत्या बाजूने सुरुवात करतो आणि वारा कुठून येतो यावरून जोडी शेवटी कोणत्या दिशेला चालत जाईल, याचा त्याला अंदाज असतो. हा अंदाज तीनपैकी दोन वेळा खरा ठरला. मासे पकडणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षे त्याच पाण्यात उभ्या असलेल्या पक्ष्यांकडे पाहून मिळवलेले हे ज्ञान आहे, आणि या सेवेत आपण पैसे मोजतो ते मुख्यतः याचे.

दोन पक्षी एकाच वेळी सुस्पष्ट येणे ही प्रणयाच्या छायाचित्रातील खरी अडचण असते. ६०० मिलिमीटर लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा आणि एफ ६.३ हे अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) धरले, तर पंधरा मीटर अंतरावर फोकसची एकूण खोली, म्हणजे सुस्पष्ट येणारा पट्टा, सुमारे चोवीस सेंटिमीटर भरते. शेकाट्या स्वतः त्याहून लांब असतो. म्हणजे नर मादीच्या थोडा मागे उभा असेल तर एकाचा डोळा स्पष्ट येईल आणि दुसऱ्याचा पुसट. तीच लेन्स पंचवीस मीटरवर वापरली तर ही खोली पासष्ट सेंटिमीटरच्या घरात जाते. शिवाय पंचवीस मीटरवर चौकटीत सुमारे दीड मीटर रुंदीचे दृश्य मावते, त्यामुळे पंख उघडलेली जोडी आणि तिचे पाण्यातले प्रतिबिंब दोन्ही पूर्ण येतात. पंधरा मीटरवर चौकट नव्वद सेंटिमीटरची होते आणि पंखांची टोके कापली जातात. मी हे गणित घरी परतल्यावर मांडले, परंतु नावाड्याने ठरवलेले अंतर आधीच त्याच्याशी जुळत होते. जवळ जाण्याने चित्र सुधारते ही आपल्या छायाचित्रकारांमध्ये रुजलेली समजूत प्रणयाच्या बाबतीत तरी खोटी आहे. पक्षी अस्वस्थ झाला की तो प्रणय करीत नाही, आणि केला तरी तो आपल्या चौकटीत आणि फोकसमध्ये मावत नाही.

इतर तांत्रिक बाबी थोडक्यात सांगते. डोळा ओळखणारी फोकस-यंत्रणा दोन पक्ष्यांमध्ये उड्या मारते, म्हणून मी ती बंद करून मादीच्या डोळ्यावर एकच बिंदू ठेवला, कारण मादी स्थिर असते. शेकाट्याचा पांढरा भाग उन्हात चटकन जळतो. मी प्रकाशमापन दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवले आणि सावल्या नंतर उजळल्या. नराने उडवलेल्या पाण्याचे थेंब गोठवायचे असतील तर १/३२०० सेकंद लागतात. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे, कारण सकाळच्या शांततेत पाण्यावरून सलग चित्रे घेतानाचा खडखडाट दूरवर जातो. आणि साडेआठनंतर कॅमेरा पिशवीत ठेवावा. मे महिन्यात तापलेल्या गाळावरून उठणारी हवेची थरथर चित्रातील प्रत्येक पीस विस्कटून टाकते आणि कोणतीही महाग लेन्स तिच्यावर मात करू शकत नाही. नऊच्या आत परतण्याची नावाड्याची अट मला प्रथम जाचक वाटली होती. तिच्यामागे हे कारण आहे, आणि त्याहून मोठे कारण अंड्यांचे आहे.

चाळीस अंशांच्या उन्हात उघड्या वाळूवरची अंडी पालकाच्या सावलीवाचून फार वेळ टिकत नाहीत. या दिवसांत अंड्यावर बसणे म्हणजे ऊब देणे नसून बहुतांशी सावली देणे असते. टिटवी आणि तिच्यासारखे इतर पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांना गारवा देतात. होडी जवळ आल्याने पालक पाच-दहा मिनिटे जरी हवेत घिरट्या घालत राहिले, तरी ती मिनिटे अंड्यांना महाग पडतात. आमच्या दुसऱ्या बेटाजवळ एक वेगळी होडी आली आणि तिच्यातील एका छायाचित्रकाराने बेटावर उतरून घरट्याचे चित्र घेण्याची इच्छा दर्शविली. आमच्या नावाड्याने लांबूनच मोठ्याने, पण आदराने, त्या होडीवाल्याला थांबवले. ‘अण्णा, खाली उतरू देऊ नका त्यांना, अंडी पायाखाली दिसत न्हाईत.’ ती होडी मागे फिरली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या व्याख्येनुसार पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हाही शिकारीचा प्रकार ठरतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? घरट्यातील अंड्यांची आणि नुकत्या जन्मलेल्या पिलांची जवळून घेतलेली छायाचित्रे मी पाहते, तेव्हा त्यामागे घाबरून उडालेले पालक मला दिसतात, आणि अशा चित्रांना मिळणारी वाहवा मला मनापासून खुपते.

दुसरी सकाळ मात्र निराशेची ठरली. नावाड्याच्या घरी लग्नकार्य असल्याने त्याने आपल्या नात्यातील एका तरुणाला होडीवर पाठवले, आणि हे मला पहाटे काठावर पोहोचल्यावर समजले. तरुण मनाने चांगला होता, मला काही कमी पडू नये अशी त्याची धडपड होती, पण त्या धडपडीतच घात झाला. छोट्या कंठेरी चिखल्याच्या जोडीसाठी आम्ही मुरमाड बेटाकडे गेलो होतो. या पक्ष्याचा नर जमिनीपासून थोड्या उंचीवर फुलपाखरासारखे संथ पंख हलवत, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलत उडतो. मग खाली उतरून छातीने जमिनीत खळगा करतो, शेपूट वर करून पसरतो, आणि मादी त्या शेपटीखालून येऊन खळग्यात बसून पाहते. एका जोडीसाठी नर असे अनेक खळगे करतो आणि त्यांतला एकच मादी पत्करते. नर पहिल्याच खळग्यात छाती टेकवून गोल फिरत होता तेव्हा तरुणाने माझ्या सोयीसाठी इंजिन सुरू करून होडी दहा मीटर पुढे घेतली. नर उठला, मादी बेटाच्या पलीकडे गेली, आणि तासभर थांबूनही ती परतली नाहीत. होडी दूर नेण्यास शेवटी मीच सांगितले. त्या सकाळची माझ्याकडे चार चित्रे आहेत आणि ती सर्व पाठमोऱ्या पक्ष्यांची आहेत.

याचा दोष मी त्या तरुणापेक्षा सेवेच्या व्यवस्थेला देईन. ज्या कौशल्यासाठी माणूस पैसे मोजून येतो ते कौशल्य असलेली व्यक्ती त्या दिवशी नसेल, तर ते आदल्या रात्री कळवले पाहिजे आणि तारीख बदलण्याची मुभा दिली पाहिजे. संध्याकाळी नावाड्याला मी हे शांतपणे सांगितले. त्याने माझे म्हणणे ऐकून घेतले, त्या सकाळीचे निम्मे पैसे परत केले, आणि तिसऱ्या दिवशी त्या तरुणाला सोबत आणून इंजिन कुठे बंद करायचे ते त्याला माझ्यादेखत दाखवले. तक्रारीला असे उत्तर देणारे फार थोडे भेटतात, आणि म्हणूनच तिसऱ्या दिवसाचे तीन तास मला अधिक मोलाचे वाटले. त्या दिवशी त्याच जागेपासून बऱ्याच अंतरावर थांबून चिखल्याची दुसरी जोडी पाहता आली. नर छाती फुगवून, पाय भराभर आपटत मादीच्या मागे गेला, तो संपूर्ण क्रम मला मिळाला. चित्रे लहान आली, पण पक्ष्यांचे वागणे अस्सल आले.

टिटव्यांसाठी मात्र होडीचा उपयोग नाही. टिटवीचा नर पिसे फुलवून, चोच आकाशाकडे धरून मादीभोवती सरकत फिरतो, आणि हे दृश्य काठच्या पडीक शेतांत सकाळ-संध्याकाळ दिसते. ते मी मोटारीच्या खिडकीतून टिपले. मोटार हाच त्यासाठी सर्वांत चांगला आडोसा आहे. नावाडी हे स्वतःहून सांगतो आणि टिटव्यांची जागा दाखवण्याचे पैसे घेत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मला ठाम बोलले पाहिजे. होडीत जीवरक्षक जाकिटे होती, पण दोनांपैकी एकाचा पट्टा तुटलेला होता, आणि माझ्या मागणीनंतरच दुसरे आणले गेले. २०२४ च्या मे महिन्यात याच जलाशयात कळाशी आणि कुगावदरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. वळवाचे वारे बहुधा दुपारनंतर उठतात आणि रुंद पाण्यावर लाटा काही मिनिटांत वाढतात. सकाळच्या फेरीत हा धोका कमी असला तरी जाकीट घातल्याशिवाय होडीत बसू नये, आणि पालथे झोपून छायाचित्र काढताना ते अडचणीचे वाटले तरी काढू नये. संध्याकाळची फेरी हा नावाडी मे महिन्यात घेतच नाही. कोणी घेत असेल तर आपण नकार द्यावा.

राहण्याची सोय त्याच्या घरालगतच्या दोन खोल्यांत आहे. स्वच्छ, साधी, पंखा असलेली खोली, रात्री बाजरीची भाकरी आणि जलाशयातल्या चिलापीचे तळलेले तुकडे, शाकाहारी असल्यास पिठले. पहाटे चहा वेळेवर मिळतो, हे महत्त्वाचे.

ज्यांना एका सकाळीत वीस प्रजातींची यादी पूर्ण करायची आहे, त्यांच्यासाठी ही सेवा नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी सव्वादोन तास एकाच जागी थांबलो आणि त्यातला दीड तास काहीही घडले नाही. ज्याला एका जोडीचे वागणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचे आहे, त्याने एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत किमान दोन सकाळी राखून यावे, आणि होडी ठरवताना नावाड्याला एकच प्रश्न विचारावा: इंजिन कुठे बंद करता? ‘तुम्ही म्हणाल तिथे’ असे उत्तर मिळाल्यास दुसरी होडी पाहावी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा तारीख मागण्यासाठी दूरध्वनी केला. पिल्ले घरट्यांबाहेर पडून वाळूवर फिरू लागली आहेत, आता बेटांकडे होडी नेणार नाही, असे नावाड्याने सांगितले. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, ‘पावसाळ्यात या ताई. शेजारच्या तळ्यावर लांब शेपटाचा कमळपक्षी येतो. त्यांच्यात मादीच नराच्या मागं लागती आन् अंडी नर उबवतो. काठावरनंच दिसतंय, होडीची गरज न्हाई.’ ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातील दोन दिवस मी त्याच्याकडे राखून ठेवले आहेत.